९११, ३०० एसएल, २००२ टीआयआय: जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारच्या नावांतले आकडे आणि अक्षरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या पानाचा मोठा भाग ९११ बनवणाऱ्या पोर्शेला दिला आहे, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही तिच्याबद्दलच फिरतात. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू नंतर येतात. एका कंपनीचा नियम दुसरीला लावायचा नाही, एवढं वाचताना लक्षात ठेवा.

९११ हा आकडा कशाचा? इंजिनाच्या सीसीचा का?

नाही. पहिल्या ९११ चं इंजिन १९९१ सीसीचं, म्हणजे दोन लिटरचं होतं. ताकद १३० हॉर्सपॉवर. यातल्या कुठल्याच आकड्यातून ९११ निघत नाही.

पोर्शेचे आकडे कामांच्या यादीतले आहेत. फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली स्टुटगार्टमध्ये डिझाइन ऑफिस काढलं, तेव्हा तिथे स्वतःच्या नावाच्या गाड्या बनत नव्हत्या. दुसऱ्या कंपन्यांसाठी गाड्या, इंजिनं, ट्रॅक्टर असं जे काम येईल त्याचे नकाशे करून द्यायचे आणि प्रत्येक कामाला पुढचा क्रमांक द्यायचा, अशी पद्धत होती. वांडरर कंपनीच्या पहिल्या कामाला थेट ७ क्रमांक दिला गेला. ऑफिस कालच उघडलंय आणि हे पहिलंच गिऱ्हाईक आहे, असं कोणाला वाटू नये म्हणून. पुढे ऑटो युनियनची रेसिंग कार २२, आपण बीटल म्हणून ओळखतो ती फोक्सवॅगन ६०, लष्करी क्युबेलवॅगन ८२ आणि सिसिटालिया या इटालियन कंपनीसाठीची ग्रां प्री कार ३६०.

याच यादीत ३५६ येते. पोर्शे हे नाव घेऊन रस्त्यावर आलेली ही पहिली गाडी. ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी तयार झालेल्या पहिल्या नमुन्याला ८ जून १९४८ रोजी रस्त्यावर चालवायची परवानगी मिळाली. गट नंबर ३५६ म्हणजे ३५६ एकर जमीन नव्हे, तसंच हे. नंबर फक्त नोंद कुठे आहे ते सांगतो. मोजमाप सांगत नाही.

मग ३५६ नंतर एकदम ९०१ कशी? मधले नंबर गेले कुठे?

मधले बरेच नंबर वापरले गेले, फक्त ते गाडीच्या मागे पाटी म्हणून लागले नाहीत. अर्न्स्ट फुरमान यांचं चार कॅमशाफ्टचं (झडपा उघडणाऱ्या दांड्यांचं) प्रसिद्ध इंजिन म्हणजे टाइप ५४७. रेसिंगची स्पायडर ५५० आणि तिच्यानंतरची ७१८.

९०० च्या घरात उडी मारण्यामागे कारण होतं फोक्सवॅगनचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्यांनी विक्री आणि सर्व्हिस आणखी एकत्र आणायचा विचार चालवला होता. तसं झालं असतं तर दोघांचे सुट्या भागांचे क्रमांक एकाच पद्धतीत बसवावे लागले असते, आणि फोक्सवॅगनच्या यादीत ९०० पासूनचे क्रमांक मोकळे होते. म्हणून सहा सिलिंडरच्या नव्या गाडीला ९०१ आणि चार सिलिंडरवालीला ९०२. इतक्या गाजलेल्या नावाची सुरुवात स्पेअर पार्टच्या कॅटलॉगमधून झाली, हे मला मनापासून आवडतं.

९०१ ची ९११ का झाली?

प्यूजो या फ्रेंच कार कंपनीमुळे. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गाडी ९०१ म्हणूनच मांडली गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली, तेव्हा प्यूजोने हरकत घेतली. १९२९ च्या २०१ पासून प्यूजोची सगळी नावं मध्ये शून्य असलेली तीन आकडी: ३०१, ४०३, ४०४. फ्रान्समध्ये अशा नावांवर त्यांचा हक्क होता. फ्रान्सची बाजारपेठ सोडणं पोर्शेला परवडणारं नव्हतं, म्हणून शून्याच्या जागी एक बसवला.

तोवर ९०१ नावाखाली ८२ गाड्या बनून गेल्या होत्या. त्यातली ५७ क्रमांकाची गाडी २०१४ साली जर्मनीत एका जुन्या शेडमध्ये गंजलेल्या अवस्थेत सापडली. पोर्शेच्या संग्रहालयाने ती विकत घेतली आणि तीन वर्षं खपून तिला पुन्हा उभं केलं.

पाटी बदलली तरी कारखान्यातली सवय बदलली नाही. सुरुवातीच्या ९११ च्या सुट्या भागांवर ९०१ ने सुरू होणारे पार्ट नंबर दिसतात. तसा पार्ट पाहून "हा दुसऱ्याच गाडीचा आहे" असं म्हणत बाजूला टाकू नका.

असा प्रसंग पोर्शेवर पहिल्यांदा आला नव्हता. १९५५ मध्ये अमेरिकेत ३५६ ला "काँटिनेंटल" असं नाव दिलं होतं. ते फोर्डच्या हरकतीमुळे सोडावं लागलं.

९०४, ९०६, ९०८ यांच्यातही मध्ये शून्य आहे. त्या कशा चालल्या?

९०४ ग्राहकांना विकताना तिचं नाव कॅरेरा जीटीएस ठेवलं होतं आणि ९०६ ची ओळख कॅरेरा ६. बाकीच्या निव्वळ रेसिंगसाठी होत्या, शोरूममध्ये कधी उभ्या राहिल्या नाहीत.

९११ टी, ई, एस, एल. या अक्षरांचा अर्थ काय?

इथे नीट थांबायला हवं, कारण जुन्या ९११ ची किंमत बऱ्याचदा या एका अक्षरावर ठरते.

एस आली १९६७ च्या मॉडेलसाठी. अर्थ "सुपर". ३५६ च्या काळातही साध्या इंजिनाला "नॉर्मल" आणि जास्त ताकदीच्या इंजिनाला "सुपर" म्हणत, तीच परंपरा. साधी ९११ १३० हॉर्सपॉवरची, तर एस १६० ची.

टी म्हणजे "टूरिंग". १९६८ च्या मॉडेलपासून आलेली, त्या घराण्यातली स्वस्त गाडी. इंजिन सहा सिलिंडरचंच, पण ११० हॉर्सपॉवरचं. तिला कमी लेखण्याची पद्धत आहे आणि ती मला पटत नाही. शहरात, कमी वेगात, टीचं इंजिन एसपेक्षा समजूतदार वागतं. एसची खरी ताकद वरच्या आरपीएमला येते, तिथपर्यंत रोजच्या रस्त्यावर पोचायची वेळच येत नाही.

एल म्हणजे "लुक्सुस", आरामदायी. ही १९६८ पुरतीच होती. तिची जागा पुढच्या वर्षी ई ने घेतली. ई म्हणजे "आइनश्प्रिट्सुंग", फ्युएल इंजेक्शन. मात्र त्याच वर्षी एसलाही इंजेक्शन मिळालं. तेव्हा ई हे अक्षर दिसलं तर इंजेक्शन नक्की, पण ई नसलं म्हणजे कार्ब्युरेटर असं गृहीत धरू नका. ई चं खरं स्थान टी आणि एसच्या मधलं.

मागे इंजिनाच्या झाकणावर कधी कधी "२.४" अशी पाटीही असते. हा आकडा मात्र इंजिनाचा आहे, आणि तोही वर ओढलेला. ते इंजिन २३४१ सीसीचं आहे.

माझ्या ओळखीच्या एकांकडे "ई-मॉडेल ९११ टी" आहे म्हणतात. एकाच गाडीला ई आणि टी दोन्ही कसे?

बरोबर आहे ते. इथे दोन वेगवेगळ्या याद्यांतली अक्षरं एकमेकांत मिसळतात.

पोर्शेत प्रत्येक मॉडेल वर्षालाही अक्षर असायचं. १९६८ चं ए, १९६९ चं बी, १९७० चं सी, १९७१ चं डी, १९७२ चं ई, १९७३ चं एफ, १९७४ चं जी. म्हणजे "ई-मॉडेल ९११ टी" ही १९७२ च्या मॉडेलची टूरिंग इंजिनवाली गाडी. तशीच "ई-मॉडेल ९११ ई" सुद्धा असू शकते, आणि त्यात दोन ई दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

१९७२ ची गाडी ओळखायची खूण सोपी आहे. उजव्या दाराच्या मागे, बॉडीवर बाहेरच्या बाजूने एक छोटं झाकण असतं. ते इंजिन ऑइल भरायचं झाकण. ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणल्यामुळे ते तिथे आलं. पंपावरची माणसं ते पेट्रोलचं समजून उघडत आणि त्यात पेट्रोल ओतत. पुढच्याच वर्षी टाकी पुन्हा मागे गेली आणि झाकणही गेलं. त्यामुळे हे झाकण दिसलं की पाटी वाचायचीही गरज नाही: मॉडेल १९७२.

जर्मनीत "एफ-मॉडेल" हा शब्द पुढे सैल झाला. १९७३ पर्यंतच्या सगळ्याच जुन्या, लांब बोनेटच्या ९११ ना तो लावतात. "जी-मॉडेल" तर १९७४ पासून थेट १९८९ पर्यंतच्या, पुढच्या-मागच्या बंपरला काळे घडीदार रबर असलेल्या गाड्यांना म्हणतात. जाहिरातीत "जी-मॉडेल" वाचलं की साल वेगळं विचारून घ्या.

कॅरेरा म्हणजे नेमकं कुठलं मॉडेल?

काळ सांगा, मग उत्तर देता येईल. या एका नावाचा अर्थ तीनदा बदलला आहे.

नाव आलं मेक्सिकोतून. १९५० ते १९५४ या काळात तिथे कॅरेरा पानामेरिकाना नावाची शर्यत व्हायची, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खुल्या रस्त्यांवर. १९५४ मध्ये हान्स हेरमान याने छोटी ५५० स्पायडर चालवून एकूण क्रमवारीत तिसरा नंबर काढला. पुढे होत्या त्या कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या. पोर्शेने ते नाव उचललं आणि १९५५ मध्ये ३५६ ए च्या एका खास आवृत्तीला दिलं. त्या काळात कॅरेराचा अर्थ अगदी नेमका होता. अर्न्स्ट फुरमान यांनी तयार केलेलं चार कॅमशाफ्टचं ५४७ इंजिन ज्या ३५६ मध्ये, ती कॅरेरा. बाहेरून साध्या ३५६ सारखीच, आत रेसिंगचं इंजिन. ते इंजिन जुळवायला भल्याभल्या मेकॅनिकांना दिवसच्या दिवस लागत.

ऑक्टोबर १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस २.७ आली आणि नाव पहिल्यांदा ९११ वर लागलं. आता अर्थ झाला: ९११ मधली सगळ्यात जहाल. पण १९७४ पासून कॅरेरा हळूहळू श्रेणीतलं वरचं मॉडेल एवढंच सांगू लागलं, आणि १९८४ च्या ३.२ लिटर मॉडेलपासून साधी ९११ म्हणजेच कॅरेरा अशी स्थिती आली. आजही तसंच आहे. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचं असेल, पण इतकं कमावलेलं नाव सरसकट वाटायला नको होतं असं मला वाटतं.

१९८९ पासून त्यात एक आकडाही आला. कॅरेरा ४ म्हणजे चारही चाकांना ताकद, कॅरेरा २ म्हणजे फक्त मागच्या दोन.

९११ एससी ही कॅरेराच का?

१९७८ ते १९८३ मध्ये विकली गेलेली तीन लिटरची ९११. एससीचा विस्तार सगळे "सुपर कॅरेरा" असा करतात. पण मागच्या पाटीवर कॅरेरा शब्द नव्हता, आणि त्याआधी १९६३ मध्ये ३५६ एससी होती, तिथे "सुपर" आणि ३५६ चं सी मॉडेल एवढाच अर्थ. भरपूर टिकाऊ गाडी आहे. नावामुळे ती दुर्लक्षित राहिली याचं वाईट वाटतं.

टार्गा?

सिसिलीतल्या डोंगराळ रस्त्यांवरच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून. १९६५ मध्ये जाहीर झालेली, डोक्यावरचा भाग काढता येणारी आणि मध्ये जाड स्टीलची कमान असलेली ९११. छप्पर नसेल तर गाडी उलटल्यावर माणूस वाचणार कसा, असा प्रश्न अमेरिकेत उठू लागला होता. ती कमान हे त्याचं उत्तर.

आरएस आणि एम४७१, एम४७२ हे काय प्रकरण आहे?

आरएस म्हणजे "रेनश्पोर्ट", मोटर रेसिंग. १९७३ च्या मॉडेलची कॅरेरा आरएस २.७ बनली ती नियमासाठी. शर्यतीत उतरवायची तर तशा किमान ५०० गाड्या बनवून विकाव्या लागत. ५०० खपतील की नाही अशी विक्री विभागाला धास्ती होती. शेवटी १५८० बनवाव्या लागल्या. २१० हॉर्सपॉवर, पातळ पत्रा, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर.

एमने सुरू होणारे क्रमांक म्हणजे कारखान्याच्या ऑप्शन याद्या. एम४७१ ही हलकी, आतून जवळपास रिकामी "स्पोर्ट" आवृत्ती. एम४७२ म्हणजे "टूरिंग", आतून ९११ एससारखी सजवलेली. एम४९१ थेट शर्यतीची, म्हणजेच आरएसआर. या आरएसआरने १९७३ ची टार्गा फ्लोरिओ जिंकली. त्या शर्यतीला जागतिक स्पर्धेचा दर्जा असलेलं ते शेवटचं वर्ष होतं.

९३०, ९६४, ९९३, ९९६ या ९११ पेक्षा वेगळ्या गाड्या आहेत का?

सगळ्या ९११ च. विक्रीचं नाव एक आणि कारखान्यातला नंबर दुसरा. सुरुवातीला दोन्ही एकच असल्यामुळे हा प्रश्नच नव्हता. ९११ हे नाव सोडणं अशक्य झालं, तेव्हा पाटी तीच ठेवून आतले नंबर बदलू लागले.

९३० ही पहिली टर्बो, १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेली. आधी ३.० लिटर आणि २६० हॉर्सपॉवर, १९७८ पासून ३.३ लिटर आणि ३००. मागे पाटी फक्त "टर्बो". ९६४ आली १९८९ च्या मॉडेलपासून, ९९३ १९९३ मध्ये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची ती शेवटची, म्हणून तिला आज एवढा भाव. १९९७ च्या ९९६ पासून इंजिन पाण्यावर थंड होऊ लागलं. नंतर ९९७, मग ९९१, मग ९९२. ९९७ नंतर ९९१ येते, त्यामुळे मोठा नंबर म्हणजे नवी गाडी हा हिशेब इथे मोडतो.

टर्बो या शब्दाबद्दल एकच सांगायचं आहे. आज पोर्शेच्या विजेवर चालणाऱ्या टायकानलाही "टर्बो" पाटी लागते, जिच्यात टर्बोच काय, इंजिनही नाही. ९३० पाहिलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे.

शेवटच्या आकड्यावरून सिलिंडर किती ते कळतं म्हणतात. खरं का?

९२४ ला चार आणि ९२८ ला आठ सिलिंडर, त्यामुळे हा समज पसरला. पण ९११ ला एक नाही, सहा आहेत. ९१२ ला दोन नाहीत, चार आहेत. ९६८ ला आठ नाहीत, चार. आणि फोक्सवॅगनबरोबर काढलेल्या ९१४ मध्ये चार सिलिंडरही मिळत आणि सहाही, म्हणून तिथे वेगळं ९१४/४ आणि ९१४/६ लिहावं लागलं. नियम नाही, सोडून द्या.

नंबर गाडीलाच मिळतो असंही नाही. जुन्या ९११ वाल्यांच्या तोंडी सतत असलेला ९१५ हा १९७२ पासूनचा गिअरबॉक्स आहे.

एकाही पोर्शे नंबरात अर्थ नाही का मग?

आहे, आणि फार सुंदर पद्धतीने. १९७६ च्या सुमाराला आंतरराष्ट्रीय रेसिंगचे गट होते ४, ५ आणि ६. पोर्शेने टर्बोवर आधारलेली गट ४ ची गाडी केली ९३४, गट ५ ची ९३५ आणि गट ६ ची ९३६. शेवटचा आकडा वाचा, गाडी कोणत्या गटात धावते ते कळलं. पुढे १९८२ मध्ये ग्रुप सी या नव्या गटासाठी ९५६ आली आणि त्याच वर्षी ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पहिले तीनही क्रमांक घेऊन गेली. तिथे मात्र हे गणित लागत नाही.

मर्सिडीज ३०० एसएल मधला ३०० तरी इंजिनाचाच ना?

हो. २९९६ सीसी, म्हणजे ३.० लिटर. जुन्या मर्सिडीजची रीत सरळ: शंभराने भागा, लिटरमध्ये इंजिन मिळतं. १९० एसएल १.९ लिटर, २३० एसएल २.३, २८० एसएल २.८.

एसएल वर मात्र बरीच वर्षं वाद होता. कोणी "श्पोर्ट लाइश्ट" म्हणत, कोणी "सुपर लाइश्ट". कंपनीच्याच साहित्यात दोन्ही सापडायचं. २०१७ मध्ये मर्सिडीजने आपल्या संग्रहातल्या जुन्या कागदाच्या आधारे "सुपर लाइश्ट", म्हणजे अतिशय हलकी, हे नक्की केलं. १९५२ ची रेसिंग ३०० एसएल पाहिली की ते पटतं. बारीक नळ्यांच्या जाळीचा सांगाडा करून वजन उतरवलं होतं. ही जाळी बाजूने इतकी उंच आली की नेहमीचं दार बसेना, म्हणून दारं छतातून वर उघडणारी केली. १९५४ मध्ये न्यूयॉर्कला मांडलेल्या रस्त्यावरच्या ३०० एसएललाही ती तशीच राहिली. पंखांसारखी दारं ही शोभेची कल्पना नव्हती, हलकेपणाच्या हट्टातून ती आली.

डब्ल्यू१९८, आर१०७ हे काय?

मर्सिडीजचे आतले नंबर. डब्ल्यू म्हणजे "वागन", गाडी. आर म्हणजे रोडस्टर, उघड्या छताची दोन जणांची गाडी. सी म्हणजे कूपे, दोन दारांची बंद गाडी. त्यापुढे टिंब देऊन बॉडीचा नंबर येतो. १९८.०४० म्हणजे वर उघडणाऱ्या दारांची कूपे आणि १९८.०४२ म्हणजे रोडस्टर. छत मध्ये दबलेलं असल्यामुळे "पॅगोडा" म्हणून ओळखली जाणारी एसएल म्हणजे डब्ल्यू११३, आणि तिच्यात २३०, २५०, २८० साठी अनुक्रमे .०४२, .०४३, .०४४. हे शेवटचे तीन आकडे पाहिले की २३० एसएलला २८० ची पाटी लावलेली लगेच उघड होते.

एक अपवाद सांभाळा. १९७२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या आर१०७ वर ३५० एसएल लिहिलेलं असलं तरी आत ४.५ लिटरचं इंजिन आहे. पुढच्या वर्षी पाटी सुधारून ४५० केली.

बीएमडब्ल्यू २००२ हे साल आहे का?

नाही, गाडी १९६८ ची. २० म्हणजे दोन लिटर आणि ०२ म्हणजे दोन दारं. १९६६ मध्ये पहिली आली ती १६००-२ म्हणून. चार दारांच्या गाड्यांपासून वेगळी दिसावी म्हणून तो दोन. टीआयआय मध्ये टीआय म्हणजे "टुरिस्मो इंटरनॅशनल" आणि शेवटचा आय इंजेक्शनचा. १९७३ च्या २००२ टर्बोच्या पुढच्या स्पॉयलरवर नाव उलटं लिहिलं होतं, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ दिसावं म्हणून. ओरड झाल्यावर ते काढलं.

बीएमडब्ल्यूच्या नावांतलं सीएसएल आणि एम?

३.० सीएसएल म्हणजे "कूपे, श्पोर्ट, लाइश्टबाउ", हलक्या बांधणीची. दारं, बोनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं. १९७३ च्या आवृत्तीत इंजिन ३१५३ सीसीचं झालं, तरी नाव ३.० च राहिलं. तिचा मोठा मागचा पंख जर्मनीत रस्त्यावर चालत नव्हता, म्हणून तो डिकीत ठेवून गाडी ताब्यात देत. ग्राहकाने तो स्वतः बसवायचा.

एम म्हणजे मोटरश्पोर्ट. तो विभाग १९७२ मध्ये सुरू झाला आणि त्याची पहिली स्वतंत्र गाडी १९७८ ची एम१. आणि बीएमडब्ल्यूच्या ई२६, ई३० अशा आतल्या नंबरांतला ई "एन्टविकलुंग", म्हणजे विकासप्रकल्प. पोर्शेच्या ई शी त्याचा संबंध नाही. युद्धापूर्वीची ३२८ मात्र कोड्यात पाडते. तिच्या आधीच्या ३१५ आणि ३१९ मध्ये शेवटचे दोन आकडे १.५ आणि १.९ लिटरचे आहेत, ३२८ चं इंजिन पण दोन लिटरचंच.

पाटी खोटी असू शकते का?

सहज. पाटी दोन स्क्रूंवर असते. उलट प्रकारही पुष्कळ: आपल्याकडे कुठलं मॉडेल आहे हे जगाला कळू नये म्हणून जर्मनीत ग्राहक कारखान्यातूनच पाटीविना गाडी घेत. मागे काहीच लिहिलेलं नाही म्हणजे गाडी साधी, असं नाही.

साध्या ९११ टीला बदकशेपटी लावून आरएस २.७ केलेल्या गाड्या जगभर आहेत. हौस म्हणून ठीक, पण आरएसच्या भावात विकली तर ती फसवणूक आहे.

मग खरं कशावर ओळखायचं? चासी नंबर कसा वाचायचा?

१९७० ते १९८० च्या ९११ चा चासी नंबर दहा आकडी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ: ९११३६००१२३. पहिले तीन आकडे गाडीचा टाइप, ९११. चौथा ३ म्हणजे मॉडेल १९७३. पाचवा इंजिन सांगतो: २ असेल तर ई, ३ असेल तर एस, ६ असेल तर कॅरेरा आरएस. सहावा ० म्हणजे कूपे, १ म्हणजे टार्गा. उरलेला अनुक्रमांक. म्हणजे ही आरएस कूपे. आरएस म्हणून दाखवलेल्या गाडीच्या पाचव्या जागी १ किंवा ५ दिसला, तर ती मूळची टी आहे.

१९८१ पासून सतरा अक्षरांचा नंबर आला. युरोपातल्या गाडीचा नंबर डब्ल्यूपी० झेडझेडझेड ने सुरू होतो. इथे टाइप दोन तुकड्यांत आहे: सातवा-आठवा आकडा मिळून पहिला भाग, बारावा आकडा दुसरा. सातवा-आठवा ९६ आणि बारावा ४, म्हणजे ९६४. ९३ आणि ० म्हणजे ९३०. दहावं अक्षर वर्षाचं: बी म्हणजे १९८१, डी म्हणजे १९८३, जी म्हणजे १९८६, के म्हणजे १९८९. हा जी आणि वरच्या "जी-मॉडेल" मधला जी एक नव्हे, तो १९७४ चा. अकरावं अक्षर कारखान्याचं: एस स्टुटगार्ट, एन नेकार्सउल्म. ९४४ च्या नंबरात एन दिसला तर घाबरू नका. ती ऑडीच्या नेकार्सउल्म कारखान्यातच बनायची.

इंजिनावरही टाइप नंबर असतो, आणि पाटीपेक्षा त्याला जास्त किंमत आहे. २.४ लिटरच्या टीचं ९११/५७, ई चं ९११/५२, एसचं ९११/५३ आणि आरएस २.७ चं ९११/८३. इंजिन नंबर शोधायचा तर मागचं झाकण उघडून उभे राहा. मोठ्या पंख्याच्या उजव्या बाजूला, पंखा ज्या उभ्या आधारावर बसतो त्यावर तो ठोकलेला असतो. चासी नंबर पुढच्या डिकीत, गालिच्याखाली पत्र्यावर. दोन्ही ठिकाणी अंगठ्याने पुसून पाहा. आकड्यांच्या भोवतीचा पत्रा घासलेला, रंगाचा थर जाड किंवा आकड्यांची ओळ वाकडी असेल तर तिथेच व्यवहार थांबवा.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर?

स्टुटगार्ट. मुंबईचं ते १९६८ पासूनचं भगिनी-शहर आहे आणि तिथे कामानिमित्त राहणारी मराठी मंडळीही बरीच आहेत. पोर्शेचं संग्रहालय त्सुफनहाउझनमध्ये, कारखान्यासमोरच. एस-बान या लोकल रेल्वेच्या एस६ ने नॉयवर्टस्हाउस स्टेशनवर उतरलं की समोर. मर्सिडीजचं उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्यालगत. दोन्हींना एकेक पूर्ण दिवस द्या. पोर्शेच्या संग्रहालयात गाड्यांच्या पाट्यांवर टाइप नंबर आणि विक्रीचं नाव दोन्ही दिलेलं असतं. आधी पाटी न वाचता गाडी ओळखायचा प्रयत्न करा, मग वाचा.